उलटा ठेवलेला मोबाईल

लहानपणापासून मला मधुमेह. लग्न झालं आणि माझ्या साखरेवर नजर ठेवणं नवऱ्यानं स्वतःचंच काम करून टाकलं. मग पंप आला. दंडावरचा सेन्सर साखर मोजतो आणि पोटाला लावलेला पंप त्याप्रमाणे इन्सुलिन आपोआप कमी-जास्त सोडतो. आकडे माझ्या मोबाईलवर दिसत, तसे त्याच्याही. मी शाळेत वर्गावर असताना त्याचा फोन यायचा, "साखर वाढून राहिली, काहून? काय खाल्लं?"

एके दिवशी मी वैतागून म्हणाले, "आता मशीन बघतंय ना? तुम्ही नका बघू." त्याच्यासमोरच त्याच्या मोबाईलमधलं आकडे दाखवणारं ॲप काढून टाकलं.

त्यानंतर तो मोबाईल उलटा ठेवायला लागला. मी खोलीत आले की स्क्रीन बंद. आंघोळीला जाताना मोबाईल सोबत. अकरावीतली आमची मुलगी आणि तो काहीतरी कुजबुजत, मला पाहताच गप्प होत.

"काय चाललंय?"

"काही नाही मम्मी, कॉलेजचं."

मी त्याच्या शर्टाचा वास घेऊन पाहिला. नेहमीसारखा दुकानातल्या वार्निशचाच होता. हिंगोलीत त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, तिथेही दोनदा उगाच डोकावले. तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता तो मोबाईल बघत होता, आणि हसत नव्हता, कपाळाला आठ्या होत्या. म्हणजे प्रकरण जुनं आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं. मुलीनं बापाची बाजू घ्यावी, हे जास्त लागलं.

पुसेगावला नात्यातलं लग्न होतं. पंगत बसतेय म्हणून मी पंपाचं बटण दाबून जेवणासाठीचं जादा इन्सुलिन घेतलं, तेवढं स्वतःच घ्यावं लागतं, आणि नेमकं जेवण लांबलं. बँड दणाणत होता. एकाएकी बायकांच्या गर्दीतून वाट काढत नवरा आला, हातात सरबताचा ग्लास.

"हे पी आधी."

"मला काही झालं नाही."

"हात बघ तुझा."

हात थरथरत होता. साखर घसरली म्हणून पंप कधीपासून वाजत असणार, बँडच्या आवाजात मला कळलंच नव्हतं. सरबत पिऊन जरा बरं वाटलं, तसा पहिला विचार आला तो हाच, की मांडवाच्या त्या टोकाला याला कसं कळलं?

मांडवामागे नेऊन मी मोबाईल मागितला. त्यानं दिला. त्यात दुसरी बाई नव्हती, माझ्याच साखरेची रेघ होती, खाली घसरलेली. मुलीनं माझ्या नकळत ॲप पुन्हा जोडून दिलं होतं.

"लपून बघायचे?"

"दिवसभर बंद पडलेल्या मोटारी खोलतो मी. कोणतंच मशीन सांगून बंद पडत न्हाई."

मुलगी मागून आली होती. ती रडायलाच लागली. "पप्पांना घाबरू नका म्हणायचं, तुझ्याशी खोटं बोलायचं. मला नाही जमत आता."

त्या दोघांवरचा माझा राग कितीतरी दिवस गेला नाही. पण तिथेच एक ठरलं. साखर घसरली तरच त्याला कळेल, बाकी दिवसभराचे आकडे माझे. मुलीनं तशी सेटिंग करून दिली. तो कबूल झाला, पण जरा जास्तच लवकर. म्हणून सेटिंग अधूनमधून मी स्वतः तपासते.