माझ्या हातचं सील

"उस्ताद, तुमच्या त्या पोरीनं बसवलं न सील, म्हणूनच गळून राह्यलं!"

देवसिंग काकानं चावी उस्तादच्या टेबलावर आदळली. मी तिथंच, हात पुसत उभी होती. काका आमच्याच तांड्याचे. म्हणजे सांजेपर्यंत घरोघरी झालंच समजा, अन् माझ्या मायले पाण्यावर बाया टोमणे मारणार.

आधी सील काय ते सांगते. इंजिनातला जाड दांडा फिरतो, त्याले क्रँक म्हणतात. तो मागच्या टोकाले इंजिनाच्या बाहेर निघते, तिथं रबराची कडी असते. तेच ऑइल सील. ते ऑइलले आत धरते. ते गेलं की ऑइल क्लचवर उतरते, क्लच घसरते, अन् भरलेली ट्रॉली चढावर मागं येते. बदलाचं म्हणजे अख्खा ट्रॅक्टर मधातून वेगळा करा लागते, इंजिन पुढं अन् गिअरबॉक्स मागं. काकाच्या जुन्या ट्रॅक्टरचं हे काम मी नुकतंच केलतं. अन् खालून पुन्हा थेंब सुरू.

उस्ताद शब्बीरभाई, गॅरेजचा मालक, भला माणूस, पण गिऱ्हाईक बिथरलं की त्याच्याच बाजूनं होते. "गंगा, तू आजपासून पंक्चर पाह्य. इंजिनाले हात लावू नको."

डोक्यात सणक गेली माझ्या. अख्ख्या दिग्रसात इंजिन उघडणारी बाई मी एकटी, अन् मले पंक्चर?

"गाडी मीच उघडीन," मी म्हटलं. "तुम्ही दोघं खुर्च्या टाकून समोर बसा. माझी चूक निघाली तर पान्ह्याले पुन्हा हात लावणार नाही. पण नाही निघाली तर?"

"तर काय?" काका बोलले.

"ते तवा पाहू."

बसले दोघंही. मी जॅक लावले, बोल्ट सोडले, इंजिन पुढं सरकवलं. क्लच काढला, त्याच्यामागचं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील काढलं. सील दिसलं. वाकडं बसलेलं नव्हतं, कुठं चीर नव्हती. पण त्याचा पातळ काठ बाहेरच्या बाजूले उलटलेला होता.

"पाहा," मी उस्तादले दाखवलं. "आतून कोणीतरी ढकललं याले."

"मंग इंजिनात भूत बसलं का?" काका हसले.

हसा म्हटलं. पिस्टनच्या बाजूनं थोडा धूर नेहमी खाली उतरते. तो बाहेर जायले वर एक नळी असते, ब्रीदर. इंजिनाचं नाकच ते. नाक दाबलं की आत जोर वाढते, अन् जोर सगळ्यात नरम जागा शोधते. नरम जागा म्हणजे सील.

मी ब्रीदरवर हात फिरवला. गुळगुळीत लागला. निळाशार रंग, इंजिनाचाच. पेचकसानं खरवडलं तर पापुद्रा निघाला, अन् त्याच्याखाली कापसाचा बोळा, गच्च ठासलेला.

"काका, हे काय वो?"

काकाचं हसू गेलं. "पोळ्याले धुतलतं न आम्ही... आता बैल कुठं राह्यले? यालेच हार घालून तोरणाखाली नेतो. धुतानी पाणी आत जाऊ नये म्हणून बोळा कोंबला."

"अन् काढला कोणं?"

"त्याच्यावरूनच रंग मारला वाटते."

"अन् पहिली गळती कधीपासून?"

"पोळ्यापासूनच," काका पुटपुटले.

उस्ताद खुर्चीतून उठला. "तुले हे पहिलेच काहून नाही दिसलं, गंगा?"

"तुमाले दिसलं? बिल करतानी तुम्ही बी बोनेटात डोकं घातलतं."

उस्तादनं डिझेलचा डबा पुढं सरकवला.

बोळा काढला, ब्रीदर डिझेलनं धुतला, नवं सील बसवलं. कापसानं भरलेली ट्रॉली जोडून काकाले जिनिंग मिलच्या चढावर नेलं. मधातच थांबवली, पुन्हा उचलली. ट्रॉली तसूभर मागं आली नाही. खाली पुठ्ठा टाकून पाह्यला, कोरडा ठणठणीत.

परत आल्यावर, रातभर गाडी उभी ठेवून पुन्हा पुठ्ठा पाहाचा होता, म्हणून काकानं चावी उस्तादपुढं धरली. मी मधातच हात पुढं केला. काकानं एकदा उस्तादकडं पाह्यलं, अन् चावी माझ्या हातावर ठेवली.

"पोरी, पुढच्या पोळ्याले तूच ये गाडी धुवायले."

"धुवा तुम्हीच. बोळा काढायले मी येते म्हणा, तेवढं तांडाभर सांगा. 'पोरीनं सील बिघडवलं' सांगणार होते, त्याच्या जागी."

उस्ताद हळूच म्हणे, "अन् पंक्चर?"

"पंक्चर तुम्ही पाहा."

तर सील गळलं की आधी ब्रीदर पाहाचा. बसवलं बाईनं का बुवानं, हे सीलाले कळत नाही.