राजाच्या हाडासाठी कंधारला

लोक बायकोला महाबळेश्वरला नेतात. मी माझ्या बायकोला पुरलेल्या बैलाचं हाड मोजायला कंधारला नेलं. हट्ट तिचाच होता.

सुजाता पन्नाशीला टेकलीय आणि पुरातत्त्वात पीएच.डी. करतेय. उत्खननात निघालेल्या गुरांच्या हाडांची मापं घेऊन त्या काळच्या कळपात गाई किती, बैल किती, हे ती काढते. तिच्या हिशेबात गाई जास्त निघाल्या, म्हणजे ते लोक दुधासाठी गुरं पाळत असणार. पण मार्गदर्शकांनी विचारलं, "खच्ची केलेल्या बैलांचं हाड गाईसारखंच बारीक असलं तर?" झालं! सगळा प्रबंध डळमळला. आता आपल्या भागातल्या, खच्ची केल्याचं नक्की ठाऊक असलेल्या बैलांची हाडं मोजणं आलं. तिच्या आईचे चुलतभाऊ दिगंबरमामा कंधारजवळ राहतात. त्यांचा लाल कंधारी बैल राजा बांधावर पुरलेला होता आणि मामा फोनवर हो म्हणाले होते.

लातूरहून सकाळीच निघालो. अहमदपूरला सुशीला आणि चहा झाला, दोघांचं मिळून शंभराच्या आत. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांना दिलेली फोडणी, पुणेकरांनी गैरसमज करून घेऊ नये. लोह्यापर्यंत रस्ता छान आहे, तिथून कंधारकडे वळलं की गाडी जपून चालवा. कंधारचा किल्ला उन्हं चढायच्या आत बघून घ्या. खंदकाच्या कडेला बसून मी भरपूर फोटो काढले. सुजाताने एकदाही मान वर केली नाही, ती आकडेच बघत होती.

मामांच्या शेतात गेलो तर मामींनी हळदकुंकू आणि नारळ तयार ठेवला होता. दर पोळ्याला मामा या जागेवर नारळ फोडतात.

"जावईबापू, आधी त्याची माफी मागू द्या," मामा म्हणाले. "लई राबला माझ्यासंगं."

नारळ फुटला. मामांचा मुलगा बालाजी खणायला लागला, पण त्याचे हात चालत नव्हते. शेवटी पुढच्या पायाचं, खुराच्या वरचं नळीसारखं हाड निघालं. सुजाताने ते पुसून मोजलं. परत मोजलं. तिचा चेहरा उतरला.

बैलाचं हाड गाईपेक्षा रुंद असायला हवं. हे अगदी गाईच्या मापाचं होतं. बैलाचं हाड असं निघत असेल, तर तिने आजवर मोजलेल्या गाईंतले बैल किती, देवच जाणे. दोन वर्षांची मेहनत पाण्यात गेली, असं तिच्या डोळ्यांतच दिसत होतं. मला फार वाईट वाटलं.

"का गं माय, माप भरंना का?" मामांनी विचारलं.

"मामा, हे गाईसारखं येतंय. माझंच काहीतरी चुकतंय."

"तुझं न्हाई चुकलं, ताई," बालाजी फावडं टाकून म्हणाला. "ती लक्ष्मी हाय."

काही वर्षांपूर्वी मामा नांदेडला दवाखान्यात होते, मामी त्यांच्याजवळ होत्या, तेव्हा घरी वैरण करायला कोणी नव्हतं. बालाजीने राजाला लोह्याच्या बाजारात विकलं. त्याच आठवड्यात लक्ष्मी गाय मेली, तिला इथे पुरलं. राजा विकलेला कळला तर बापाचा जीव जाईल, या भीतीने त्याने उलटं सांगितलं: राजा मेला, लक्ष्मी विकली.

मामा खाली बसले. मला वाटलं, आता मुलाला दोन शब्द सुनावतील.

"आन मी बाजारात गेलो की लाल गाई बघत फिरत होतो," ते म्हणाले. "म्हनलं, कोनाच्या दावणीला ऱ्हायली असंल. ती हितंच व्हती."

बालाजी रडायला लागला. मामींनी उरलेलं हळदकुंकू आणून जागेवर वाहिलं. सुजाताने हाड होतं तसं परत ठेवलं आणि आम्ही सगळ्यांनी माती लोटली. मामींनी भाकरी-पिठलं वाढलं, पण जेवण कुणालाच गेलं नाही.

परत येताना जांबमार्गे आलो. रस्ता अरुंद आहे, अंधाराच्या आत पार करा. सुजाताने आकड्यांची वही मिटली. मग म्हणाली, "माझ्या मापाने कुणी न सांगता गाय ओळखली. मला आनंद व्हायला हवा ना?" आनंद झाला होता, पण तिला त्याची लाजही वाटत होती. एका हाडाने प्रबंध उभा राहत नाही, आणि बैलाचं हाड तर मिळालंच नव्हतं. घरी येऊन तिने मार्गदर्शकांना तसं कळवलंसुद्धा.

महिन्याभराने मामांचा फोन आला. बालाजीला बरोबर घेऊन त्यांनी राजाला विकत घेणारा शोधून काढला होता, उमरीकडचा एक शेतकरी. राजा मरेपर्यंत त्याच्याकडेच होता आणि त्यानेही त्याला शेतातच पुरलं, असं तो सांगत होता. खणायलाही तो तयार होता.

"मी बी येऊन ऱ्हायलो," मामा म्हणाले. "पर या बारीला नारळ नंतर फोडू, माय. आधी तू मोज, आन मला सांग."