ट्रॅक्टरचा रंग आणि गल्लीचा गंज

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचो आणि माझ्यामुळे आमच्या गल्लीला भात शिजवायला भांडं उरलं नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही नागपूरला नंदनवनात राहायचो, शेती उमरेडकडे. बाबांनी तिकडून एक म्हातारा ट्रॅक्टर विकत आणला आणि अंगणात उभा केला. त्याच्याकडे ते ज्या मायेनं पाहायचे, तसं त्यांनी माझ्याकडे जन्मात पाहिलं नव्हतं. (मी थोरला मुलगा. असो!) तेवढ्यात माझी बहीण कुसुम हिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. मुलगा एसटीत नोकरीला, कुसुमला मनापासून आवडलेला. मध्यस्थानं मुलाकडच्यांना ‘घरचा ट्रॅक्टर आहे’ असं ठासून सांगितलं होतं. ट्रॅक्टर होता, पण त्याच्या लाल रंगाच्या खपल्या निघत होत्या.

“उद्या पाहुणे येतीन अन् हे भंगार पाहतीन!” बाबा कडाडले. “आजच्या आज रंग झाला पाहिजे!”

पेंटर म्हणाला, जुना रंग आधी खरवडावा लागेल. तो पत्रा घेऊन बॉनेट घासायला बसला. लिव्हर, पेडल, झाकणं, कब्जे असं बारीक सामान राहिलं. मला कुठून अवदसा आठवली कोण जाणे!

“घासाचं काय काम आहे बाबा? कॉस्टिक सोड्यात उकळलं का रंग आपोआप सुटते. सायन्स आहे!”

आता उकळायला मोठं भांडं हवं. घरात एकच होतं, तेही आमचं नव्हतं. गंज! गंज म्हणजे आमच्याकडे भात शिजवायचं मोठं पातेलं. हा चांगला जर्मनचा, अख्ख्या गल्लीनं वर्गणी काढून घेतलेला. शेजारच्या शांताबाई तो पोटच्या पोरासारखा सांभाळायच्या आणि कोणाकडे कार्य असलं की द्यायच्या. साक्षगंधाच्या भातासाठी सकाळीच देऊन गेल्या होत्या.

“अरे, त्यात उद्या भात शिजवाचा आहे!” आई ओरडली.

“धुऊन देतो ना आई! चकाचक करून देतो!”

तीन विटा मांडल्या, गंज चढवला, सामान टाकलं, पाणी ओतलं, वर सोडा. काही वेळातच असा फेस उसळला की मीच खूश झालो.

“पाहा बाबा, रंग कसा सुटून राहिला!”

बाबांनी खुर्ची आणून टाकली. शेजारचे दोघेतिघे जमले. मी हातात उलथनं घेऊन भाषण ठोकत होतो. (शिक्षकाला माणसं जमली की आवरत नाही.) फेस वर यायला लागला म्हणून मी लाकडं बाहेर ओढली. पाणी उकळतच राहिलं.

“विस्तव काढला तरी उकळून राहिलं काहून रे?” आईनं विचारलं.

“जोर आहे आई त्याच्यात!”

असं म्हणालो खरा, पण हातातलं उलथनं खाली ठेवलं. बुडबुडे, आपोआप तापणं, कॉस्टिक सोडा आणि जर्मन, म्हणजे ॲल्युमिनियम... हे समीकरण मी वर्गात फळ्यावर लिहून पोरांकडून पाठ करून घेतलं होतं! एकाला चुकलं म्हणून बाकावरही उभं केलं होतं!

“मागे सरका!” मी ओरडलो. सगळे सरकले आणि गंजाचं बूड गेलं. काळं पाणी विटांवरून फसफसत निघालं आणि कुसुमनं नुकत्याच सारवलेल्या अंगणभर पसरलं. मधोमध ट्रॅक्टरचं सामान पडलं होतं. त्याचा रंग? जवळजवळ जसाच्या तसा! नाहीशी झाली होती फक्त ट्रॅक्टरच्या नावाची पाटी. तीही ॲल्युमिनियमचीच होती.

“तुले हे माहीत नव्हतं?” आईनं हळू आवाजात विचारलं.

“माहीत होतं.”

“मंग?”

“शाळेत ते परीक्षानळीत असते, आई. गंजाकडे मी तसं पाहिलंच नाही.”

बाबा खुर्ची उचलून आत गेले. कुसुम दारात उभी होती, डोळे भरलेले.

“दादा, हे लग्न मोडलं ना, तर मी तुले जन्मात माफ करणार नाही.”

त्या क्षणी अंगणात खड्डा असता तर मी उडी टाकली असती. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी भात घरोघरच्या पातेल्यांतून शिजून आला. कोणाचा चिखल, कोणाचे खडे. पाहुणे मुकाट्यानं जेवले. शांताबाईंना ‘गंज लहान पडते’ अशी थाप मारून बुडाविना गंज मी ट्रॅक्टरखाली दडवला होता. (त्याहून चांगली जागा मला सुचली नाही. हुशारी संपली होती!) जेवणं झाल्यावर मुलाचे वडील म्हणाले, “चला, ट्रॅक्टर पाहू.” पाहता पाहता ते नेमके खाली वाकले.

“मास्तर, हा कोणता पार्ट होय?”

“सायलेन्सर,” मी म्हणालो.

“अगं बाई! सायलेन्सर कायचा? हा तर माह्या गंज!” मागून शांताबाई किंचाळल्या. “अन् याचं बूड कुठी गेलं?”

सगळं सांगावं लागलं. मुलाच्या वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“शाळेत काय शिकवता तुम्ही?”

“केमिस्ट्री.”

“पोराइले?”

“हो.”

“बाप्पा!” ते म्हणाले आणि विचारात पडले. मध्यस्थ घाम पुसत होता. इतक्यात आतून कुसुमचा आवाज आला. साक्षगंधाला मुलीनं असं बोलायचं नसतं, पण ती बोलली.

“भाऊ तसा आहे, मी तशी नाही! मले भात शिजवता येते, भांडं नाही!”

मुलगा इतका हसला की त्याला ठसका लागला. मग त्याचे वडीलही हसले आणि साक्षगंध पार पडलं. गल्लीला नवा गंज मीच आणून दिला, पितळेचा. तरी शांताबाई मी दिसलो की तो आत नेऊन ठेवायच्या.

लग्नात कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा आणि मानाचा पोशाख घ्यायचा, ही रीत. मी रुबाबात हात पुढे केला. नवरदेव झटकन मागे सरकला आणि भर मांडवात म्हणाला, “मास्तर, आधी हात धुऊन या!”

मांडव हसून हसून लोटपोट झाला. आणि मी? मी मुकाट्यानं जाऊन साबणानं हात धुऊन आलो!