शिवा नाखव्याचं विमान

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या दयाराम कोळ्यांकडे चहाला गेलं, की निदान एक महायुद्ध बघूनच परत यावं लागतं. समुद्रकाठच्या करंजा गावचा हा माणूस बंदरातल्या नोकरीतून निवृत्त होऊन पनवेलला मुलाकडे आला आणि लढाऊ विमानांच्या माहितीपटांत बुडाला. कोणत्या विमानाला किती तोफा, कोणता बॉम्ब किती उंचीवरून टाकायचा, सगळं तोंडपाठ. रिक्षावाल्याला घराचा पत्ता सांगताना मात्र अडखळतात. सून माधुरी म्हणते, "बाबा, जेवून घ्या, शत्रू थांबेल."

या वेडाला कारण होतं. त्यांचे वडील शिवा नाखवा यांनी तरुणपणी, गोऱ्यांच्या लढाईच्या काळात, एक विमान समुद्रात पडताना पाहिलं होतं. होडीत एकटेच होते. गावात कोणी विश्वास ठेवला नाही. बऱ्याच वर्षांनी त्यांच्या जाळ्यात एक पत्रा आला, तेव्हा लोक म्हणाले, कुठल्या तरी बोटीचा असेल. शिवा नाखवा 'विमान्या' म्हणून जगले आणि 'विमान्या' म्हणूनच गेले. बापाला खरं ठरवायचं, एवढ्यासाठी दयाराम रोज आकाशातल्या लढाया बघत होते.

गेल्या महिन्यात एका माहितीपटात एक गोरा म्हातारा समुद्रातून काढलेला तुकडा दाखवत होता. अशा पत्र्यावर छोटी पट्टी ठोकलेली असते, तिच्यावर नंबर कोरलेला असतो. नंबर मिळाला की विमान, वैमानिक, तारीख, सगळं सापडतं.

दयाराम उठून उभे राहिले. "पट्टी हाय," ते म्हणाले. "आमच्या पत्र्याला पट्टी हाय."

दुसऱ्या दिवशी साक्षीदार म्हणून मला घेऊन ते करंज्याला निघाले. एसटीत त्यांनी वैमानिकाच्या नातवंडांना चहासोबत काय द्यायचं, तेही ठरवून टाकलं.

त्यांच्या थोरल्या भावाची बायको मैनावहिनी ओट्यावर सुपात सुके बोंबील निवडत होती. पत्रा देव्हाऱ्याखाली होता, आरशासारखा चकचकीत. दयारामांनी तो ओट्यावर आणला, चष्मा पुसला, पट्टीवर बोट फिरवलं, मोबाईलचा उजेड तिरपा धरून पाहिला. पट्टी कोरी होती.

"वैनी, यावर आकडे होते काय?"

"होते की. मी लगीन होऊन आले तवा बारीक बारीक होते."

"मग गेले कुठं?"

वहिनीने सूप खाली ठेवलं. "भावजी, दर दसऱ्याला चिंच लावून, वर पॉलिश पेपर मारून त्याला घासतो कोन? मी बोलायची, पुरे आता. तुमी म्हणायचे, बाबाचं हत्यार हाय, पूजेला डाग नको."

दयाराम खाली बसले. "मला ते खाऱ्या पाण्याचे डाग वाटले," ते म्हणाले. मग वहिनीकडे वळून, "तुला आठवतात काय आकडे?"

"मला कुठं वाचता येतं?"

चाळीस दसरे त्या माणसाने घाम गाळून, भक्तिभावाने, बापाचा एकुलता एक पुरावा पुसून काढला होता.

परतताना धक्क्यावर सुदाम भेटला, दयारामांचा बालमित्र. जाळं दुरुस्त करत बसला होता. "काय दयाराम, विमान्याचं विमान गावलं काय?"

या एका प्रश्नावरून दोघांची आजवर किती भांडणं झाली, त्याला हिशेब नाही. एकदा तर पोलीस पाटलाला मध्ये पडावं लागलं होतं. मी सावध होऊन एक पाऊल मागे सरकलो.

"नाय रे," दयाराम म्हणाले. "बाबा थापच मारायचा."

सुदाम हसला नाही. मान खाली घालून गाठी मारत राहिला.