तिसऱ्याच्या गावचं तिकीट

"गावाचं नाव सांग. नाही तर तिकीट कशाचं काढू?"

"सांगून राहिली ना, मावशी. तिसऱ्याचं गाव."

ही इंग्रजांच्या राज्यातली गोष्ट. गोंदिया स्टेशनावर बायांच्या वेटिंग रूमची मी आया होते. झाडणं, पाणी भरणं ही माझी ड्यूटी. पण मी चौथी पास, म्हणून बायांची तिकिटं काढून देणंही माझ्याच मागे लागलं. थर्ड क्लासची खिडकी गाडीच्या अर्धा तास आधी उघडायची. पुरुषांच्या रेटारेटीत बाई तिथवर पोचत नसे.

ही बाई सालेकशाहून आली होती. धान चुरून, मळणी आटोपल्यावर सासूने माहेरी राहायला मोजून चार दिवस दिले होते. माहेर छोट्या लाइनीवर, म्हणजे चांद्याकडे जाणाऱ्या अरुंद रुळांवर. तिच्या कामाची दिवसात एकच गाडी. ती चुकली तर चारातला एक दिवस माझ्या बाकावर जाणार. खरं तर सालेकशालाच थेट माहेरापर्यंतचं तिकीट मिळालं असतं. पण दीर गोंदियापर्यंतचं काढून मोकळा झाला.

मला वाटलं, हिला नाव येत नाही, स्टेशनं मोजून ठेवली आहेत. मी बोटं मोजली. तिसरं स्टेशन गोंगले. तिकीट काढलं, तिला गाडीत बसवलं.

डब्याशी टी.सी. आला. तिकीट बघून म्हणाला, "गोंगले."

"गोंगले नोहोय माह्यं गाव," ती म्हणाली.

"तो कौन सा?"

"तिसऱ्याचं."

टी.सी.ने माझ्याकडे पाहिलं. चूक माझी, म्हणून मी तिच्यावरच खेकसले, "काऊन वं, तोंडाले कुलूप लावलं का?"

"एक्सेस बना देता हूँ," टी.सी. म्हणाला. एक्सेस म्हणजे पुढच्या स्टेशनापर्यंतचं वाढीव तिकीट. "लेकिन नाम बोलो. नहीं तो उतरो."

"उतरवा. मी नाव घेत नाही. त्याइचंच नाव हाय गावाले."

आत्ता मला कळलं. गावाच्या नावात नवऱ्याचं नाव होतं. तेवढ्यात गार्डाची शिट्टी झाली.

"तिसरा म्हंजे कोनाचा तिसरा?" मी विचारलं.

"पाच जनाइतला. एका बायकोचे पाच नवरे, त्यातला."

टी.सी.ची पेन्सिल थांबली. "बाई, तुम्हारे पाँच आदमी हैं?"

"माहे नाही, बाबू. द्रौपदीचे."

"अर्जुनी लिव्हा, बाबू," मी म्हटलं.

नाव ऐकताच बाईने पदर हनुवटीपर्यंत ओढला, जसा काही नवराच डब्यात चढला. टी.सी.ने पावती फाडली आणि गाडी हलली.

चार दिवस राहून ती परत आली. हातात थेट सालेकशापर्यंतचं तिकीट, स्वतः खिडकीवर मागून काढलेलं. सालेकसा नावाचं तिच्या सासरी कोणी नव्हतं.

तिकीट निघाल्या ठिकाणीच घ्यावं आणि शेवटच्या गावापर्यंतचं घ्यावं, हे मी सगळ्यांना सांगत आले. कोणी ऐकलं नाही. पण त्या दिवसापासून अडून बसलेल्या बाईला मी गाव विचारणं सोडलं. लाइनीवरची स्टेशनं एकेक करून वाचायची. ज्या नावाला पदर पुढे येईल, तिथलं तिकीट काढायचं. एकदाही चुकलं नाही.