भाद्रपदातली सुकेळी

आमच्या नंदाखालच्या घरमालकांइतका खोटं बोलायला नालायक माणूस उभ्या वसई तालुक्यात सापडणार नाही. भाजी खारट झाली तर ते बायकोला, म्हणजे आमच्या आंटींना, "छान झालीय" म्हणायचे आणि पुढच्याच घासाला तांब्याभर पाणी पोटात रिचवायचे. फादरांनी "आजचं प्रवचन कसं वाटलं?" असं विचारू नये म्हणून मिस्सा संपल्यावर चर्चच्या बाजूच्या दाराने सटकायचे. असा हा माणूस माझ्याशी सलग तीन आठवडे एक खोटं बोलला आणि मी ते पचवलं, यावरून आमच्या घरात मला अजून टोमणे बसतात.

त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही सहा वर्षं भाड्याने राहिलो. जागा बघायला गेलो तेव्हा अंकलनी (त्यांना सगळे अंकलच म्हणायचे) माझी नोकरी विचारली नाही, की आम्ही माणसं किती हेही विचारलं नाही. त्यांचा एकच प्रश्न होता. "नाताळच्या आधी चार आठवडे गावाला-बिवाला जात नाही ना?" मी नाही म्हणालो आणि त्यांनी लगेच किल्ली काढून हातावर ठेवली. त्या प्रश्नाचा अर्थ मला डिसेंबरात कळला. येशूजन्माचा देखावा, म्हणजे गोठा, गावात घरोघरी मांडतात आणि दोन-चार दिवसांत उरकतात. अंकलना महिना लागायचा. त्यांच्या बेथलेहेमात केळीच्या वाड्या होत्या, फिरणारा रहाट होता, आगाशीच्या बाजारातली भाजीवाली होती आणि दर दोन मिनिटांनी वळण घेणारी एसटी होती. "अंकल, बेथलेहेमात एसटी?" मी पहिल्या वर्षी विचारलं. "मग एवढी माणसं बाळाला बघायला येणार कशी?" ते म्हणाले. सगळ्या मूर्ती त्यांनी स्वतः प्लास्टरच्या घडवलेल्या. हयात फिटर म्हणून गेलेली, त्यामुळे भंगारातली मोटर दिसली की ती कुणाच्या तरी पोटात बसवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एकदा बाळाच्या भेटीला आलेल्या राजाच्या उंटाने मान डोलवावी म्हणून त्यांनी गाडीच्या वायपरची मोटर लावली. पहिल्याच झटक्याला उंटाने राजाला उचलून योसेफाच्या अंगावर फेकलं. अंकलनी मोटर बदलली नाही, राजाला सुतळीने बांधलं.

हे सगळं चालू असताना शेजारी कुणीतरी बसलेलं त्यांना लागायचं. मदतीला नव्हे, मदत केलेली त्यांना खपायची नाही. नुसतं बसायचं, आणि मधूनमधून "हा मेंढपाळ जरा उजवीकडे" असं काहीतरी बोलायचं, जे ते कधीही ऐकत नसत. पूर्वी मुलं बसायची. मुलं कॅनडात गेली, मग भाडेकरू बसू लागले. आमच्या आधीच्या भाडेकरूच्या गिझरचं पाणी खाली झिरपलं, शब्दाने शब्द वाढला आणि ते लोक नोव्हेंबरात खोली सोडून गेले. त्या वर्षी अंकलनी गोठ्याची खोकी उघडलीच नाहीत. "सामान सगळं होतं," आंटी मला सांगत होत्या, "बसायला कोण नव्हतं."

चौथ्या वर्षी आम्ही गणपतीला राजापूरला गेलो. निघताना दिवे गेले होते, टाकी रिकामी, नळ कोरडा. तो नळ कुणी उघडला आणि कुणी बंद केला नाही, यावर आम्हा नवरा-बायकोत आजतागायत एकमत नाही. आठ दिवसांनी परत आलो तर घर आम्ही सोडलं होतं त्यापेक्षा स्वच्छ. "फरशी कोणी पुसली?" बायको म्हणाली. मला कुठलीच शंका आली नाही, कारण पुसलेल्या फरशीविषयी शंका घेण्याची मला सवय नाही.

खाली अंगणात मात्र बांबूचा मांडव उभा होता. त्यावर पेंढा, आणि पेंढ्यावर केळीच्या सुक्या पानांत गुंडाळलेली पुडकी ओळीने मांडलेली. "हे काय अंकल?" मी विचारलं. अंकल मांडवाकडे बघत राहिले. मग आभाळाकडे बघितलं. मग म्हणाले, "सुकेळी."

आता राजेळी केळी सोलून, दिवसा उन्हात वाळवून, संध्याकाळी पानात गुंडाळून सुकेळी करतात, एवढं मी ऐकून होतो. पण भाद्रपदात, आभाळाचा भरवसा नसताना, सुकेळी कुणी वाळत घालत नाही, हे मला कोण सांगणार? मी फणसपोळीतला माणूस. त्या तीन आठवड्यांत मी दोघांची जी धावपळ पाहिली तिला तोड नाही. ऊन पडलं की पुडकी सोडायची, वरून काही दिसू नये म्हणून मधे जुनी चादर आडवी धरायची. ढग आला की पुन्हा गुंडाळायची. आंटी त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी पुटपुटत असायच्या. त्यातलं निम्मं मला कळत नसे, पण उरलेलं निम्मं अंकलविषयी होतं एवढं कळायचं. त्यात माझ्या बायकोने बहिणीसाठी अर्धा किलो सुकेळी मागितली. अंकलचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी ते छत्री घेऊन आगाशीला गेले, चार दुकानं पालथी घातली असावीत, आणि संध्याकाळी पुडी आणून दिली. ती सुकेळी मागच्या हंगामातली होती. मेहुणीने ती भिजत घालून खाल्ली आणि फोनवर "वेगळीच चव आहे हो" म्हणाली.

एका रविवारी दोघं मिस्साला गेलेली असताना सर आली. मी पायऱ्या उतरून धावलो आणि पुडकी शर्टाच्या घोळात भरू लागलो. सुकेळं हाताला दगडासारखं लागलं. दुसरं पुडकं सुटलंच. आत मेंढपाळ होता. त्याला नाक नव्हतं, रंग ओघळून दाढी छातीपर्यंत आली होती. तिसऱ्यात एक गंजलेली मोटर. चौथ्यात, सगळ्यांत जास्त पानं गुंडाळलेल्या पुडक्यात, बाळ येशू. मी पुडकी ओसरीवर ठेवली आणि तिथेच बसून राहिलो.

दोघं परत आली. अंकल म्हणाले, "पाऊस, भाऊ, फार पाऊस झाला ना यंदा."

"पुरे आता," आंटी म्हणाल्या. "भाऊ, तुमचा नळ उघडा राहिला होता. स्लॅबला भेग आहे, सगळं पाणी खाली गोठ्याच्या खोक्यांवर गेलं."

चुकलं म्हणालो, सांगितलं का नाही म्हणालो, तीस वर्षांचं काम गेलं म्हणालो. मला खरोखर रडू येत होतं. अंकल टॉवेलने एकेक मूर्ती टिपत होते, माझ्याकडे बघत नव्हते.

"कळलं असतं तर तुम्ही राहिला असता?" ते म्हणाले. "लाजेने गेला असता. मागचे भांडून गेले."

आम्ही राहिलो. त्या डिसेंबरात मी रोज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसलो आणि पहिल्यांदाच त्यांनी मला कामाला हात लावू दिला. चार मेंढपाळांची नाकं माझ्या हातची आहेत. ती चारही माझ्या मामाच्या नाकासारखी झाली. सुक्या पानांचा डाग प्लास्टरमध्ये उतरून सगळं बेथलेहेम तांबूस-तपकिरी दिसत होतं. अंकल त्यावर रंग चढवायला तयार होईनात. "राहू दे," म्हणाले, "वाडीत काम करणारी माणसं अशीच दिसतात." गोठा बघायला आलेली एक म्हातारी मेंढपाळाकडे बोट दाखवून म्हणाली, "हा तर आमच्यातलाच वाटतो." अंकल त्या रात्री जेवले नाहीत, इतके खूश होते.

आता आम्ही नालासोपाऱ्यात स्वतःचा फ्लॅट घेतलाय, चौथ्या मजल्यावर. बायकोला स्टेशन जवळ हवं होतं. निघताना अंकल म्हणाले, "बरं झालं, मलाही वरची जागा मोकळी हवीच होती," आणि लगेच पाठ फिरवून पाण्याच्या पंपाशी काहीतरी करत बसले. नाताळच्या आधीचे रविवार आम्ही नंदाखालला जातो, पण रविवार महिन्यात चारच येतात. इथे दाराला कुलूप लावण्याआधी मी घरातले सगळे नळ दोनदा तपासतो. बायको हसते. खाली कोण राहतं आणि आमच्या फरशीखाली त्यांनी काय जपून ठेवलंय, हे मात्र मला अजून ठाऊक नाही.