बाबा बर्फावरून घसरले तेव्हा
चिखलीतल्या आमच्या गॅलरीत कुणी ओले लोकरीचे मोजे वाळत घातले, की त्या कुबट वासानं मला हिमाचलातली ती चढण आठवते. हिंजवडीच्या ऑफिसातल्या मित्रमैत्रिणींबरोबर ट्रेकला जाताना मी नुकत्याच निवृत्त झालेल्या बाबांनाही नेलं होतं. चाकणच्या कारखान्यात उभी हयात घालवलेले बाबा पाठीवर सॅक घेऊन गुडघाभर बर्फातून मुकाट चालत होते. शेवटच्या चढावर मात्र ते थांबले. "मला न्हाई जमायचं. तुमी जावा, मी बसतो हितंच." त्यांच्यासोबत थांबावं म्हणून मीही सॅक उतरवली, तेवढ्यात टेकायला मागं सरकलेल्या बाबांचा पाय निसटला आणि ते उतारावरून थेट खाली गेले. मी किंचाळले. वाटाड्या धावला. खालून कसलासा आवाज येत होता. मला वाटलं, रडताहेत. पण बाबा भुसभुशीत बर्फात बसून पोट धरून हसत होते. त्यांना असं हसताना मी कधीच पाहिलं नव्हतं. "अगं, ये की! लई मजा हाय!" मग एकेक करत आम्ही सगळेच त्यांच्यामागं घसरत गेलो आणि माथा राहूनच गेला. आता बाबा जिनासुद्धा थांबत थांबत चढतात, तरी हवेत गारवा आला की विचारतातच, "औंदा कधी निघायचं?"